आमची अमर्याद तिजोरी भरली तेव्हा

2025 च्या फेब्रुवारीत आमच्या कारखान्याची मेलची तिजोरी भरली.

तिजोरी म्हणजे एक मेल खातं. ऑफिसात आलेल्या आणि ऑफिसातून गेलेल्या प्रत्येक मेलची एक प्रत आपोआप त्या खात्यात जाऊन पडायची. 2018 च्या दिवाळीपासून पडत होती. घेताना आम्हाला सांगितलं होतं, या खात्यामागचं आर्काइव्ह, म्हणजे जुने मेल ठेवायची मागची जागा, अमर्याद आहे, कधी भरायचं नाही. सहा वर्षं ते खरंच भरलं नाही. त्यामुळे ते भरू शकतं हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघते. माल न्हावा शेव्याला जातो, तिथून युरोपात. एका ऑर्डरचा जन्म मेलवर होतो आणि तिचा शेवटही मेलवरच. बायर डिझाइन पाठवतो, आम्ही रंगाचे लॅब डिप, म्हणजे रंगवलेल्या कापडाचे छोटे नमुने, पाठवतो, तो त्यातला एक पसंत करतो, मग जीएसएमवर, म्हणजे टॉवेलच्या दर चौरस मीटर वजनावर घासाघीस, मग नमुन्याचे फोटो, इन्स्पेक्शनचे फोटो, कार्टनवरच्या छपाईचे फोटो, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग. एका ऑर्डरमागे दोनशे-अडीचशे मेल सहज होतात आणि त्यातले निम्मे जड असतात.

ही तिजोरी किती मोलाची हे मला 2022 मध्ये कळलं. एका बायरने दोन कंटेनर माल अडवला. म्हणणं असं की नेव्ही ब्लू रंग मंजूर नमुन्यापेक्षा काळपट आहे, तीस टक्के सूट द्या. मंजूर नमुना 2019 चा होता, तेव्हाची मर्चंडायझर मुलगी नोकरी सोडून हैदराबादला गेलेली, तिचं खातं बंद झालेलं. तिजोरीत शोधलं तर तीन मिनिटांत सापडलं: बायरच्याच माणसाचा मेल, लॅब डिपच्या तीन छटांचा फोटो, आणि 'सी' छटेवर त्याने स्वतः केलेली खूण. 'सी' म्हणजे सगळ्यांत गडद. तो मेल पाठवल्यावर चार दिवसांत माल सुटला. त्या दिवशी मालकांनी सगळ्या ऑफिसला सांगितलं, "त्या तिजोरीला हात लावायचा न्हाई कुणी."

म्हणून 11 फेब्रुवारीला जे दिसलं त्याने माझं काळीज हललं. डिसेंबरातली एक पॅकिंग लिस्ट शोधत होते. आमच्या सेटिंगप्रमाणे महिनाभर जुना झालेला मेल मुख्य खात्यातून आर्काइव्हमध्ये जायला हवा. डिसेंबरचे मेल गेलेच नव्हते. मुख्य खात्याची हद्द 100 जीबी. त्यात 91 जीबी भरले होते. रोज जवळजवळ एक जीबी येतो, म्हणजे नऊ दिवस हातात. नऊ दिवसांनंतरच्या मेलची प्रत कुठेच राहणार नव्हती.

ज्यांनी ही सेवा आम्हाला विकली त्या पुण्याच्या विक्रेत्याला फोन केला.

"मॅडम, तुमचं अनलिमिटेड आहे ना? मग टेन्शन कशाला घेता? सिस्टिम आपोआप जागा वाढवते. थोडा वेळ द्या."

"किती वेळ?"

"एखादा महिना धरा."

महिन्याची गोष्ट खोटी नव्हती, हे मला नंतर कळलं. या आर्काइव्हला जास्तीची जागा मिळायला 30 दिवसांपर्यंत लागू शकतात, असं सेवा देणाऱ्या कंपनीच्याच कागदात लिहिलेलं आहे. पण आमचा प्रश्न वेगळाच होता आणि तो त्या माणसाने तपासूनही बघितला नाही.

कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या आमच्या मुलाने त्याच संध्याकाळी कंपनीकडे थेट तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. तीन वाक्यं होती. तुमच्या आर्काइव्हने 1.5 टीबीची, म्हणजे साधारण 1,500 जीबीची, कमाल मर्यादा गाठली आहे. ही मर्यादा वाढवता येत नाही. शिवाय एका खात्याचं आर्काइव्ह हे त्याच एका व्यक्तीच्या मेलसाठी असतं, नियम लावून इतरांच्या मेलच्या प्रती त्यात साठवणं सेवाशर्तींत बसत नाही.

तिसरं वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं. तो नियम 2018 मध्ये आम्ही लावला नव्हता. विक्रेत्याचाच माणूस येऊन लावून गेला होता. "एकाच खात्यात सगळं, एकाच लायसनचे पैसे, आणि मागे अनलिमिटेड आर्काइव्ह," असं त्यानेच समजावून सांगितलं होतं. त्याचं माहितीपत्रक अजून माझ्या फाइलला आहे. 'अनलिमिटेड' हा शब्द बोटभर उंचीच्या अक्षरांत, त्याच्या डोक्यावर एक तारका, आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'वाजवी वापराच्या अटी लागू'. अटी कुठल्या, ते त्या पानावर नाही.

मग मी त्या अटी शोधून वाचायला बसले. तीन रात्री गेल्या. माझं शिक्षण बी.कॉम., इंग्रजी कामापुरतं. पण शिपिंगची कागदपत्रं वाचून बारीक अक्षराची सवय झालेली आहे, तिचा उपयोग झाला. जे कळलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण मला हे सुरुवातीलाच कुणी सांगायला हवं होतं.

आमच्या या सेवेत ज्याला अमर्याद म्हणतात ती एक जागा नसते. आधी मुख्य खातं, त्याची हद्द 50 किंवा 100 जीबी, तुमच्या योजनेप्रमाणे. त्याच्या मागे आर्काइव्ह. ते बहुतेक वेळा आपोआप सुरू नसतं, प्रत्येक खात्यासाठी चालू करावं लागतं. चालू केल्यावरही त्याला पहिली हद्द असते, तीही 50 किंवा 100 जीबीचीच. त्याच्या पुढे वाढायचं तर 'आपोआप वाढणारं आर्काइव्ह' ही सोय वेगळी चालू करावी लागते, आणि एकदा केली की ती परत बंद करता येत नाही. मग ते टप्प्याटप्प्याने वाढतं, पण खातं रोज 1 जीबीपेक्षा जास्त फुगत नसेल तरच. आणि हे सगळं वाढून वाढून 1.5 टीबीला थांबतं. ही शेवटची हद्द नोव्हेंबर 2021 पासून लागू झाली. आम्ही घेतलं तेव्हा छापील कागदावर वरची हद्द नव्हती. म्हणजे 2018 मध्ये आम्हाला दिलेला शब्द त्या दिवशी कागदाला धरून होता. मधल्या काळात कागद बदलला आणि आम्हाला ते कुणी सांगितलं नाही. विक्रेता दर वर्षी नूतनीकरणाचं बिल पाठवत राहिला, बिलावर योजनेच्या नावापुढे तोच शब्द.

1.5 टीबी ही जागा लहान आहे असं मी म्हणणार नाही. एका माणसाच्या मेलला ती जन्मभर पुरेल. राग जागेचा नाही. आकडा असताना शब्द सांगितला, त्याचा आहे.

सोलापूरच्या माणसाला साठा म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. उजनी धरण 117 टीएमसीचं, हे इथे शाळेतलं पोरगंही सांगतं. त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा, हेही सांगतं. उन्हाळ्यात धरण शून्याच्या खाली गेलं की पेपरात रोज उणे टक्के छापून येतात, आणि ते बघून बायका घरात आणखी एक पिंप घ्यायचं का ते ठरवतात. शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. कोण किती पिंपं भरतं, कुणाची टाकी किती लिटरची, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक असतं. धरण किती, वापरण्याजोगं किती, आज किती उरलं, हे तीन आकडे आम्ही पाण्याचे पाठ करतो. मेलचे कधी विचारले नाहीत, कारण विचारायची गरज नाही असं सांगितलं गेलं होतं.

वाचताना हेही ध्यानात आलं की ही एका कंपनीची गोष्ट नाही. जीमेल 1 एप्रिल 2004 ला सुरू झालं तेव्हा 1 जीबी जागा दिली होती. तेव्हा इतर फुकट मेलवर दोन-चार एमबी मिळायचे, म्हणून लोकांना ती एप्रिल फूलची थाप वाटली. 2007 मध्ये याहूने मेलची जागा अमर्याद केली, 2013 मध्ये त्याचं 1 टीबी झालं. अमेझॉन ड्राइव्हची अमर्याद योजना 2017 मध्ये संपली. गूगल फोटोजवर फुकट अमर्याद साठवण 1 जून 2021 ला थांबली. शाळा-कॉलेजांना गूगल अमर्याद जागा देत असे, 2022 पासून अख्ख्या संस्थेला मिळून 100 टीबी झाली. ड्रॉपबॉक्सने 2023 मध्ये 'हवी तेवढी जागा' देणारी योजना बंद केली आणि कारणही सांगितलं: काही लोक त्या जागेवर क्रिप्टोचं मायनिंग करत होते, काही ओळखपाळख नसलेले लोक मिळून एकच खातं वापरत होते, काही जण ती जागा परत विकत होते. कारण मला पटलं. जागेला खर्च असतो. मोजके लोक गाडीभर माल आणून टाकतात आणि सरासरी कोसळते. पण मग हे पहिल्या दिवशीही ठाऊक असणारच, आणि तरी शब्द तोच वापरला गेला.

असो. नऊ दिवस होते, त्याचं काय केलं ते सांगते.

पहिल्याच दिवशी प्रतींचा नियम फक्त निर्यात, अकाउंट्स आणि डिझाइन या तीन विभागांपुरता ठेवला. बाकीच्यांच्या प्रती थांबवल्या. हा निर्णय घेताना जीवावर आलं, कारण उद्या कुठला मेल लागेल हे आज कुणालाच सांगता येत नाही. त्या 38 लोकांना मी स्वतः टेबलाटेबलापर्यंत जाऊन सांगितलं की आजपासून स्वतःचा मेल पुसू नका, आता मागे तिजोरी नाही. रोजची भर एक जीबीवरून अर्ध्यावर आली.

मग मोजणी. 2018 ची दिवाळी आणि 2019 धरून 140 जीबी. 2020 मध्ये 170, त्यात लॉकडाऊनचे दोन महिने जवळपास कोरे. 2021 मध्ये 230, 2022 मध्ये 270, 2023 मध्ये 300, 2024 मध्ये 330. धंदा काही अडीच पट झालेला नाही, मेल मात्र अडीच पट झाला. का, ते शोधायला एका दिवसाचे सगळे मेल काढून बघितले. दोन कारणं निघाली.

एक म्हणजे मोबाइलचे फोटो. पूर्वी इन्स्पेक्शनचा फोटो एक एमबीचा असे, आता एकेक आठ-नऊ एमबीचा. मेलमधून जाताना तो आणखी फुगतो. मेलची यंत्रणा मुळात साध्या अक्षरांसाठी बांधलेली, त्यामुळे फोटोचं किंवा पीडीएफचं आधी अक्षरांत रूपांतर होतं आणि मूळच्या दर तीन बाइटचे चार होतात. 9 एमबीचा फोटो मेलमध्ये 12 एमबी जागा खातो. हे मला या वयात कळलं आणि त्या दिवसापासून मी डिस्पॅचच्या पोरांना फोटो लहान करून पाठवायला लावते.

दुसरं कारण आमच्या सवयीचं. एक माणूस फोटो पाठवतो, सहा जणांना प्रत. त्यातला एक उत्तर देतो, अटॅचमेंट तशीच ठेवून पुढे ढकलतो, त्याचं उत्तर परत सगळ्यांना. तिजोरीत प्रत्येक फेरीची वेगळी प्रत. एका टॉवेलच्या बॉर्डरचं डिझाइन आम्हाला 31 वेळा सापडलं.

मग वाटलं, जुन्यातलं नको ते पुसून जागा करू. तेही सोपं नव्हतं. 2022 च्या त्या वादाच्या वेळी विक्रेत्याने तिजोरीवर कायदेशीर होल्ड लावून ठेवला होता, म्हणजे कुणी पुसलं तरी मेल नष्ट होऊ नये. आम्ही दोन दिवस बसून जाहिरातींचे, बँकांच्या ऑफरचे, प्रदर्शनांच्या निमंत्रणांचे हजारो मेल पुसले. ते नजरेआड झाले आणि मागच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन बसले. होल्ड आहे तोवर ते तिथून हलत नाहीत. होल्ड काढल्याशिवाय जागा नाही, आणि सगळं बाहेर सुरक्षित ठेवल्याशिवाय होल्ड काढायची माझी तयारी नव्हती.

म्हणून ठरवलं, आधी सगळं खाली उतरवायचं.

कागदावर हिशेब सोपा होता. आमची लाइन 100 एमबीपीएसची. 1,490 जीबी पूर्ण वेगाने उतरले तर 33 तास. प्रत्यक्षात 19 दिवस लागले. आधी कंपनीच्या यंत्रणेला शोध द्यायचा, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. मग ती निर्यातीचा गठ्ठा बांधते, त्याला कधी चार तास, कधी रात्रभर. मग तो उतरवायचा. मध्ये लाइट गेली, नेट तुटलं की तो गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून. आम्ही महिन्याला एक पीएसटी फाइल, म्हणजे मेल एकत्र साठवायची फाइल, असं ठरवलं. नोव्हेंबर 2018 ते फेब्रुवारी 2025, अशा 76 फाइली. पीएसटी 50 जीबीच्या पुढे गेली की बिघडायची भीती असते. आमची सगळ्यांत मोठी 34 जीबीची निघाली, त्यामुळे तो घोर नव्हता.

काम करणारा मुलगा तेवीस वर्षांचा. पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा, वडील यंत्रमागावर. रात्री नेट मोकळं असतं म्हणून तो रात्री थांबायचा. मार्च संपत आला होता, उकाडा सुरू झालेला, आणि ऑफिसातला एसी रात्री बंद. मी जाताना त्याच्यासाठी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही ठेवून जायचे. तो म्हणायचा, "मॅडम, तुम्ही जावा ओ. मी हाय की." आणि सकाळी आले की वहीत वळणदार अक्षरांत नोंद असायची: कुठला महिना, किती मेल, किती जीबी, सुरू किती वाजता, संपला किती वाजता. त्या पोराने वेबसाइटवर दिसणारी मेलची संख्या आणि उतरलेल्या फाइलमधली संख्या प्रत्येक महिन्याची ताडून बघितली. पाच महिने जुळले नाहीत, ते पाचही त्याने पुन्हा उतरवले.

प्रत्येक फाइलचा हॅशही काढला. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा एक लांबलचक आकडा. फाइलीत एक अक्षर जरी बदललं तरी तो अख्खा बदलतो. 1 जुलै 2024 पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू झाला. त्याच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या नमुन्यात हॅशची जागा आहे. उद्या नेव्ही ब्लूचा वाद कोर्टात गेला आणि समोरच्याने म्हटलं की हा मेल तुम्ही नंतर बनवलात, तर आमच्याकडे उत्तर असायला हवं. 76 हॅश छापून त्यावर मालकांची सही आणि तारीख घेतली.

या उतरवण्यात एक गोष्ट घडली ती सांगायलाच हवी.

फाइली तपासताना मी अधूनमधून काही मेल उघडून बघत होते, नीट उघडतात का म्हणून. 2019 च्या जूनमधला एक मेल उघडला. आमच्या तेव्हाच्या टाइमकीपरने भविष्यनिर्वाह निधीच्या सल्लागाराला पाठवलेली कामगारांची यादी, नाव, रुजू झाल्याची तारीख, सगळं. त्या यादीत आमचा एक जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, होता. तो 2023 मध्ये वारला. त्याच्या बायकोची पेन्शन रुजू तारखेच्या घोळात अडकली होती. पीएफच्या नोंदीत तो चार वर्षं उशिरा रुजू झालेला दिसत होता, आणि कारखान्याचं जुनं मस्टर 2020 च्या ऑक्टोबरातल्या पुराच्या पावसात गोडाऊनमध्ये भिजून लगदा झालं होतं. ती बाई दोन-तीन महिन्यांनी एकदा गेटवर येऊन बसायची. आम्ही तिला चहा द्यायचो आणि बघतो म्हणायचो. त्या यादीत त्याची खरी तारीख होती, आणि तिच्याखाली तेव्हाच्या व्यवस्थापकाची स्कॅन केलेली सही. मी तो मेल छापला, प्रमाणपत्र जोडलं आणि तिला निरोप धाडला. अर्ज आता पुढे गेला आहे. ती परवा आली तेव्हा मोडक्या मराठीत म्हणाली, "अक्का, इतकी वर्षं हे कुठं होतं?"

तिजोरीत होतं. आम्ही शोधलं नव्हतं. आणि फेब्रुवारीत जागा करायची म्हणून सगळ्यांत जुनं वर्ष पुसून टाकावं असा विचार माझ्याच मनात येऊन गेला होता.

वकिलांकडे एकदा जाऊन आले. त्यांनी अर्ध्या तासात सांगितलं ते असं: दिशाभूल करणारी जाहिरात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते, आणि जाहिरातीतला मोठा दावा तळटिपेने फिरवता येत नाही, असं 2022 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. पण धंद्यासाठी सेवा घेणारी कंपनी त्या कायद्यात सहसा 'ग्राहक' धरली जात नाही. करारावर दावा लावता येईल, त्यात वर्षं जातील. मालक म्हणाले, "वर्षं घालवायला टाइम कुटं हाय?" दावा लावला नाही. विक्रेत्याला मात्र सविस्तर पत्र लिहिलं, तारीख आणि पानाचा क्रमांक घालून. उत्तर अजून आलेलं नाही.

मग प्रश्न आला की काय ठेवायचं. सहा वर्षांत तो कधी पडलाच नव्हता, कारण सगळंच ठेवत होतो. आमच्या सीएंनी दोन आकडे दिले. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावे लागतात. 2018-19 च्या विवरणपत्राची मुदत वाढत वाढत 31 डिसेंबर 2020 झाली होती, म्हणजे त्या वर्षाचे कागद 2026 च्या डिसेंबरपर्यंत. आणि कंपनी कायद्याच्या कलम 128 प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं. त्याखाली आम्ही आमचं जोडलं: बायरने रंग, माप, डिझाइन मंजूर केल्याचा मेल कायम. कामगारांच्या संबंधातलं काहीही कायम. हे दुसरं मी लिहिलं आणि मालकांनी न विचारता सही केली.

आता व्यवस्था अशी आहे. जुन्या 76 फाइली दोन डिस्कवर, एक ऑफिसच्या लोखंडी कपाटात, दुसरी मालकांच्या घरी. दर सहा महिन्यांनी दोन्ही लावून हॅश ताडायचे, कारण डिस्क नुसती पडून राहिली तरी खराब होते. प्रत्येकाच्या खात्यामागचं त्याचं स्वतःचं आर्काइव्ह चालू केलं, नियमात बसणारं. प्रतींचा नियम त्या तिजोरीतून काढून बाहेरच्या एका वेगळ्या साठवण सेवेकडे वळवला, जी सगळ्या कंपनीच्या मेलसाठीच बनलेली आहे. ती एकच अटॅचमेंट 31 वेळा आली तरी एकदाच साठवते. पहिल्या महिन्यात 29 जीबी मेल गेला, तिने मोजला 11 जीबी. दर जीबीमागे पैसे पडतात, पूर्वीपेक्षा खर्च वाढला, आणि मालकांना तो पटवून द्यायला मला दोन बैठका लागल्या.

त्या सेवेच्या माणसानेही फोनवर सुरुवातीला तेच म्हटलं होतं, काळजी करू नका, हवी तेवढी जागा आहे. मी त्याला तीन प्रश्न मेलवर पाठवले. एका खात्याची आणि एकूण, दोन्ही कमाल हद्द किती जीबी. हद्द बदलली तर आम्हाला किती दिवस आधी लेखी कळवणार. आणि आम्ही सोडून जायचं ठरवलं तर सगळा मेल कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत मिळणार. उत्तर यायला आठ दिवस लागले, तोवर मी सही थांबवून ठेवली. आलं ते आकड्यांत आलं. ते करारपत्राला जोडूनच सही केली.

तिजोरीचा होल्ड 2 जूनला काढला. त्या आधी त्या मुलाने आणि मी दोन्ही डिस्कवरचे 76 हॅश शेवटचे एकदा समोरासमोर बसून वाचले, तो वाचणार आणि मी खूण करणार. दुपारचे साडेतीन वाजले होते. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्याने बटण दाबलं.

वही आता माझ्या टेबलावर असते. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी तीन आकडे लिहायचे: हद्द किती, भरलं किती, उरलं किती. आवक-जावक वहीसारखी तिलाही लाल कापडाची बांधणी करून घेतली आहे.